अर्ध्या बादलीत धुतलेली गाडी

आमच्या घरात संशय घ्यायचं खातं माझ्याकडे आहे. विश्वास ठेवायचं नवऱ्याकडे. तो पुण्याचा असून भोळा आणि मी बेळगावची असून नाही, असा आमचा उलटा संसार आहे. दुधाची पिशवी दारातून उचलली की मी आधी ती उजेडात धरून बघते. लिफ्टमध्ये मी शिरल्यावर दोन माणसं बोलायची थांबली, तर त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य मी दिवसभर पुरं करत बसते. 'तुझ्यापासून काही लपवायचं तर आधी तुझीच परवानगी काढावी लागेल,' असं नवरा म्हणतो. हे मी बरीच वर्षं कौतुक समजत होते.

आमची इमारत बंगळुरात, येलहंक्यात आहे. चार मजले, बारा घरं, त्यातलं एक बंदच, आणि खाली खांबांच्या मधे उभ्या अकरा गाड्या. त्या उन्हाळ्यात आमची बोअरवेल आधी धापा टाकायला लागली आणि मग गप्प झाली. टँकर सांगितला तरी तो कधी येईल याचा नेम नसायचा. शहरात पिण्याचं पाणी गाड्यांवर ओतायला बंदी आली, तेव्हा आमच्या कमिटीनेही नियम केला. नळी लावायची नाही. एका गाडीला आठवड्यातून दोनदा अर्धी बादली पाणी, बाकीचे दिवस नुसतं पुसायचं. हे पाळलं जातंय की नाही ते कोण बघणार, असं मीटिंगमध्ये कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

गाड्या धुवायला अक्का यायची. पन्नाशीची, काटक, पदर खोचलेली बाई. मूळची बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडची, म्हणून कन्नडही तिचंच आणि मराठीही तिचंच. सकाळी सहाला यायची, नऊपर्यंत अकरा गाड्या करायची. तिला नवरा नव्हता, मुलगी नर्सिंग शिकत होती, आणि आमच्या अकरा गाड्या हेच तिचं सकाळचं सगळं काम होतं. अशा कामात एका घराने नाव ठेवलं की अकराही घरं जातात. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही होतं.

तर मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. सव्वासहाला ओला कचरा घेऊन खाली जायचं, हे माझं निमित्त. आमच्या घरात एवढा ओला कचरा निघत नाही, हे वॉचमनच्याही लक्षात आलं असावं. पण तो शहाणा माणूस होता, मान हलवून 'सरी मॅडम', म्हणजे बरं मॅडम, एवढंच म्हणायचा.

माझा अंदाज असा होता की नळ मोकळा सोडून ही बया बादल्याच्या बादल्या ओतत असणार. बघते तर निराळंच. एक बादली, तीही अर्धीच भरलेली. आधी ती दोन मऊ फडकी भिजवून बॉनेटवर नुसती पसरून ठेवायची, तापातल्या माणसाच्या कपाळावर घडी ठेवतात तशी. धूळ भिजून सैल होईपर्यंत दुसऱ्या गाडीची पायपुसणी झटकून यायची. मग ती फडकी ओढायची नाही, वर उचलायची. मग एका मगात शाम्पूचा एक थेंब आणि दुसऱ्या मगात स्वच्छ पाणी घेऊन टपापासून खाली यायची. फडक्याची घडी अशी घालायची की त्याला आठ बाजू मिळाव्यात, आणि मळलेली बाजू पुन्हा गाडीला लावायची नाही. हात गोल फिरवायची नाही, सरळ एका दिशेने न्यायची. कोरड्या गाडीवर कोरडं फडकं तर तिने कधी टेकवलं नाही. चाकांचं फडकं निराळं, आणि ते शेवटी. चाकांना ती ड्रममधलं पाणी घ्यायची. आमच्या घरांतल्या आरओतून वाया जाणारं पाणी त्या ड्रममध्ये साठवलं जायचं. ते रंगावर वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि मग काही केल्या जात नाहीत, हे तिनेच मला सांगितलं. शेवटी ती फरशी पुसून घ्यायची, कारण साबणाच्या फरशीवरून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकदा घसरता घसरता वाचल्या होत्या. आणि एवढं होऊन बादलीत तांब्याभर पाणी उरायचं, ते गेटजवळच्या कढीपत्त्याला.

दुसऱ्या कुणाचा संशय इथे फिटला असता. मी मात्र म्हटलं, इतक्या कमी पाण्यात गाडी धुतली जाते याचा अर्थ ती धुतलीच जात नाही. म्हणून तिची पाठ वळल्यावर मी आमच्या मरून गाडीच्या दारावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला, आणि मला थोडी निराशा झाली हे कबूल करते.

मग मला दुसरं सापडलं. अक्का आणि बाबा फार बोलायला लागले होते.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना बेळगावहून घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर सरकारी बस चालवली, बेळगाव-कोल्हापूर, बेळगाव-हुबळी. निवृत्त होताना डेपोने नारळ दिला आणि हा माणूस कुणाच्या अंगावर गेला नाही आणि याच्या अंगावर कुणी आलं नाही, असं डेपो मॅनेजर भाषणात म्हणाले होते. ते वाक्य बाबा पाहुण्यांना अजून ऐकवतात. बंगळुरात आल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, माझ्या मुलीला सकाळी गाडीने शाळेत सोडायचं. नवरा कंपनीच्या बसने जातो, मी घरून काम करते, त्यामुळे आठवडाभर गाडी बाबांचीच असायची. ते त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालायचे.

सकाळी ते चहा घेऊन खाली जायचे आणि अक्काशी बोलत उभे राहायचे. ती त्यांना मामा म्हणायची. चिकोडीचं बोलणं त्यांना गोड लागत असणार, हे मला कळत होतं. कळत नव्हतं ते हे, की मी कचऱ्याचा डबा घेऊन आले की दोघं गप्प का होतात. ती मान खाली घालून चाक पुसायची आणि बाबा मला उगाच विचारायचे, आज नाश्त्याला काय. माझे वडील नाश्त्याला काय आहे हे कधी विचारत नाहीत. समोर येईल ते खातात.

आणि त्याच सुमारास बाबांची टूथपेस्ट पंधरा दिवसांत संपायला लागली. त्यांची ट्यूब निराळी असायची, साधी पांढरी. शेवटापासून गुंडाळत नेऊन तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायची त्यांची सवय. तीन महिने पुरणारी वस्तू पंधरा दिवसांत कशी संपते, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, दात आहेत तोवर घासून घेतो. मी हसले, पण मनात नोंद झाली.

त्या शनिवारी मी नेहमीच्या वेळेच्या आधी खाली गेले. अक्का आमच्या गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवी बसून मागचं दार घासत होती. पुसत नव्हती, घासत होती, एकाच जागी, जोर लावून. बाबा शेजारी उभे होते. मला बघताच तिचा हात थांबला. मी जवळ जाऊन पाहिलं तर दारावर वीतभर लांब ओरखडा, आत पांढरा पडलेला. आणि तिच्या बादलीत, फडक्यांच्या खाली, आमची ट्यूब. चिमट्यासकट.

"अक्का, ही ट्यूब तुमच्याकडे कशी?" मी विचारलं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा गाडीच्या टायरकडे बघत होते.

"मागून घेतलीय," ती म्हणाली.

कुणाकडून, असं मी दोनदा विचारलं. ती उत्तर देईना. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, शाळेला उशीर होतोय. शनिवारी शाळा नसते, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझा अंदाज खरा निघाला. चोरटी बाई, वरून निष्काळजी, आणि म्हाताऱ्याला गोड बोलून गुंडाळलेलं. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा जिंकल्याचा आनंद मोठा होता. मी वर गेले आणि इमारतीच्या ग्रुपवर ओरखड्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं की आमच्या घरातली वस्तूही तिच्या बादलीत सापडली आहे, प्रत्येकाने आपापलं बघावं. कसली वस्तू ते लिहिलं नाही. टूथपेस्ट म्हटलं असतं तर लोक हसले असते.

दहा घरांनी संमतीचे अंगठे टाकले. कुणाला तेव्हाच आठवलं की त्यांचीही छत्री दिसत नाही. मंगळवारपर्यंत अक्काचं काम पूर्ण बंद झालं. वॉचमनने तिच्याकडून गेटचा पास घेतला म्हणे. तिने फडकी पिळली, दोरीवर वाळत घातलेली दोन काढून घेतली आणि गेली.

त्या आठवड्यात बाबा घरात फार कमी बोलले. मी समजले, बोलायला माणूस राहिलं नाही म्हणून.

आता गाडी कोण धुणार? नवरा म्हणाला बाहेर देऊ. पण त्या फिरत्या ब्रशांच्या दुकानांवर माझा अजिबात विश्वास नाही, आणि तिथे किती पाणी वाहतं ते मी बघितलं होतं. मी म्हटलं, मीच धुते, अर्ध्या बादलीत. पद्धत मला पाठ होती, कारण मी ती महिनाभर चोरासारखी बघितली होती. आपण जिला कामावरून काढलं तिच्याच हातासारखा हात फिरवायचा, यात काही विचित्र आहे, असं तेव्हा मला वाटलं नाही.

पहिल्या दिवशी फडकं ओढलं आणि बारीक वाळूचा कर्रर्र आवाज आला तेव्हा दातच आंबले. मग शिकले. धूळ भिजू द्यायची, घाई करायची नाही, ऊन चढायच्या आत उरकायचं, फडकं खाली पडलं तर ते पुन्हा गाडीला लावायचं नाही. तिसऱ्या शनिवारी मीही तांब्याभर पाणी उरवून दाखवलं.

बाबा मदतीला यायचे. पण त्यांचा एक हट्ट असायचा. "उजवी बाजू मी करतो," ते म्हणायचे. दर वेळी. मी डावीकडून सुरू करायचे, ते उजवीकडे स्टूल टाकून बसायचे, आणि मी वळसा घालून तिकडे येईपर्यंत त्यांचं झालेलं असायचं. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार आपणच पुसावं अशी जुन्या ड्रायव्हरची माया असेल, असं मी समजले. जिथे संशय घ्यायचा तिथे नेमका तो आला नाही.

ट्यूब मात्र पुन्हा पंधरा दिवसांत संपली. ते मी कपाटात नवी ठेवताना पाहिलं, आणि क्षणभर थबकलेही. पण चोर तर गेला होता.

पाचव्या शनिवारी बाबांना ताप होता. मी एकटीच खाली गेले आणि पहिल्यांदा दोन्ही बाजू धुतल्या. उजव्या मागच्या दाराशी आले तर हँडलच्या खाचेत आणि दाराच्या फटीत काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं. आधी वाटलं, आरओच्या पाण्याचे डाग. नखाने काढलं, भुगा निघाला. वास घेतला. पुदिन्याचा वास आला.

मी तिथेच खाली बसले. बसल्यावर गाडीची ती बाजू डोळ्यांच्या उंचीवर आली. दारावर एक नव्हे, कितीतरी रेघा होत्या. घाणेरड्या फडक्याने पडतात ते ओरखडे केसासारखे बारीक आणि गोल गोल असतात. गाडी उन्हात आली की ते जाळ्यासारखे चमकतात. इथे तसं काही नव्हतं. इथल्या रेघा लांब आणि सरळ होत्या, पुढून मागे गेलेल्या, सगळ्या एकाच उंचीवर. दोन रेघांत पिवळा रंग अजून अडकलेला होता. मी मान वळवली. मागे आमचा खांब, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. त्याच्या पिवळ्या पट्ट्यावर त्याच उंचीला आमचा मरून रंग लागलेला होता, एकावर एक, जुना आणि नवा. बंगळुरात प्रत्येक गाडी डावीकडे खरचटलेली असते, स्कूटरवाले तिकडूनच घुसतात. पण उजवी बाजू चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर असते. उजवीकडे तीच गाडी घासते, जिच्या ड्रायव्हरला उजवीकडचं दिसत नाही.

पुढचं सगळं आपोआप उलगडलं, आणि मला ते थांबवता आलं नाही. बाबा शाळेतून परत येऊन गाडी लावताना खांबाला घासायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कचरा घेऊन यायच्या आत, अक्का तो पिवळा रंग टूथपेस्टने घासून काढायची. ट्यूब बाबांनीच दिलेली. ती गेल्यावर ते काम बाबा स्वतः करत होते, आणि नीट दिसत नसल्यामुळे पेस्ट फटीत राहत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, तसं मी केलं होतं.

आणि त्या गाडीत रोज माझी मुलगी बसत होती. शाळेच्या दारात उजवीकडून कोण येतं, कोण लहान मूल रस्ता ओलांडतं, यातलं काही या माणसाला दिसत नव्हतं आणि मी वर बसून टूथपेस्ट मोजत होते.

बाबा खाटेवर पडले होते. मी नखातला पांढरा भुगा त्यांच्यासमोर धरला. ते उठून बसले.

"दिसत न्हाई असं न्हाई," ते म्हणाले. "उशिरा दिसतंय. गाडी आली की मग दिसती."

बेळगावातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. थेंब दिले होते. बंगळुरात आल्यावर त्यांनी ते बंद केले, कारण बाटली बघितली असती तर मी विचारलं असतं. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून चावी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. सांगितलं असतं तर हेच झालं असतं, एवढंच म्हणाले. मी चावी उचलली. मग मी त्यांना ते विचारलं जे मला विचारायलाच हवं होतं. अक्काचं काम गेलं, तेव्हा तुम्ही गप्प कसे राहिलात? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. माझ्या वडिलांची मला तोवर कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली, आणि त्यांना वाटत होती ती माझ्यापेक्षा जास्त होती, हेही दिसत होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलेली बाजूची नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल, असं त्यांनी सांगितलं. मुलीला शाळेत मी सोडायला लागले. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कोचावर बसायचे आणि आम्ही निघालो की काढून ठेवायचे.

अक्काला शोधायला वेळ लागला नाही. वॉचमनला ठाऊक होतं. दोन गल्ल्या सोडून बंगल्यांची एक रांग आहे, तिथे तिला चार गाड्या मिळाल्या होत्या. मी गेले तेव्हा ती एका पांढऱ्या गाडीवर भिजलं फडकं पसरत होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ म्हटलं की मला सगळं कळलंय, मी चुकले, माफ करा, आणि परत या. तिने ऐकून घेतलं. रागावलेली दिसली नाही, त्यामुळे मला आणखी अवघड झालं.

"लोकांस्नी काय सांगणार, ताई?" तिने विचारलं.

मी म्हटलं, गैरसमज झाला होता असं ग्रुपवर लिहीन.

"गैरसमज म्हंजे काय वो? चोरली न्हाई म्हणून सांगशीला, तर मग ट्यूब बादलीत कशी आली म्हणून इचारतील. मग मामांचं नाव येतंय. ते यायचं न्हाई. मी शब्द दिलाय त्यांस्नी."

तर मग तुम्ही येणार कशा, असं मी विचारलं. ती म्हणाली, येणार न्हाई. चोर म्हणून बघणाऱ्यांच्या गाड्या पुसायला हात वळत न्हाई. आणि तिने फडकं उचलून घडी घातली.

परत येताना वाटेत मला जे वाटलं ते सांगायला मला आवडत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी माफी मागितली होती, बोलावलं होतं, ती येत नव्हती. बाबांचं नाव झाकलेलं राहणार होतं आणि माझंही. घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, तिने दिलेल्या शब्दासकट. ते थेंबांची बाटली घ्यायला उठले. मी समजले, विषय संपला.

रविवारी सकाळी बाबा न सांगता बाहेर गेले. मी अर्थातच बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तासाभराने रिक्षा थांबली, आणि तीतून बाबा उतरले, मागून अक्का. ती नको नको म्हणत असावी, कारण बाबा गेट धरून उभे होते आणि ती हात हलवत होती. मग दोघं आत आली. लिफ्ट वर गेली, चौथ्या मजल्यापर्यंत. मग घंटा वाजली.

मी आमचं दार बोटभर उघडलं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, आणि जिन्यातून वरचं सगळं ऐकू येतं, हे मला कुणी सांगायला नको.

बाबा दाराशी उभे राहून बोलत होते. जिथे जसं असेल तसं, कुठे कन्नडमध्ये, कुठे हिंदीत. गाडीवरचे ओरखडे माझे आहेत. मला उजवीकडचं दिसत नाही, मीच खांबाला घासली. ट्यूब मीच हिला दिली होती, डाग घालवायला. माझ्यासाठी ही गप्प राहिली. हिच्याबद्दल तुमच्या मनात काही असेल तर काढून टाका. एवढं बोलून थांबायचे. आणि प्रत्येक दारात तेच उत्तर यायचं. छे छे, अंकल, आमच्या मनात काहीच नव्हतं. छत्रीवाल्यांनी तर दोघांना आत बसून कॉफी घ्या म्हटलं. ती घ्यायला कुणी आत गेलं नाही.

चौथा मजला झाला, तिसरा झाला. जिना उतरताना बाबांची चप्पल कधी कधी पायरी चाचपायची, ते कळायचं. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा आवाज बसला होता, पण वाक्यं तीच होती, त्याच क्रमाने. कुणाला धक्का न लावता छत्तीस वर्षं बस चालवणारा माणूस स्वतःच्या तोंडाने दारोदार सांगत होता की मला दिसत नाही. मला वाटत होतं वर धावत जावं आणि त्यांना थांबवावं. मी गेले नाही.

पहिल्या मजल्यावर शेजारच्यांचं दार झालं. उरलं होतं आमचंच. मी घाईघाईने दार लावून घेतलं, आता ते लॅच उघडून आत येतील म्हणून. लॅचची किल्ली त्यांच्याकडे असतेच. पण आमची घंटा वाजली.

मी दार उघडलं. माझी मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. बाबा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते, कपाळावर घाम, आणि त्यांच्या मागे एक पाऊल अक्का. मी बाजूला झाले, आत या म्हणून. ते आत आले नाहीत. माझ्याकडे बघून, इतर दहा दारांत बोलले तसंच, पण त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत, ते सगळं बोलले. ओरखडे माझे. ट्यूब मी दिली. ही माझ्यासाठी गप्प राहिली. "हिच्याबद्दल तुमच्या मनात काही असेल तर काढून टाका."

मग ते थांबले, दहा वेळा थांबले होते तसे. अक्काही थांबली. तिची नजर माझ्यावर होती. माझ्या ओठावर तेच वाक्य तयार होतं, वरून दहा घरांतून ऐकलेलं.

"माझ्या मनात होतं," मी म्हटलं. "माझ्याच मनात होतं. बाकीच्यांच्या मनात मी घातलं."

बाबांनी डोळे मिटले. अक्काने पदराने तोंड पुसलं.

"एवढंच ऐकायला चार मजले उतरले, ताई," ती म्हणाली, आणि बाबांचा हात माझ्या हातात देऊन जिना उतरून गाड्यांकडे गेली.